खरवडलेल्या तीन पायऱ्या

“यातल्या चुका दाखवा,” असे म्हणून धारपसाहेबांनी माझ्यापुढे एक जुना नकाशा पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर काचेची वजने ठेवली. “वीस मिनिटं देतो. कुठल्या गाढवाने काढलाय ते विचारू नका. फक्त चुका.”

ते विचारण्याचे मला प्रयोजनच नव्हते. उजव्या कोपऱ्यातील चौकटीत, ‘रेखाटन’ या शब्दापुढे, ‘दि. भा. सु.’ अशी तीन अक्षरे होती. दिनकर भाऊ सुतार. ती अक्षरे माझ्याच हातची होती. नकाशा मिरजेच्या एका प्रसूतिगृहाचा होता आणि त्याच्यापायी माझ्या आयुष्याची नऊ वर्षे मातीत गेली होती.

ही हकीकत सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातील, सांगलीची. माझे वय तेव्हा बेचाळीस होते. शिक्षण म्हणाल तर नववी नापास. परंतु सुताराच्या पोटी जन्म झाल्यामुळे मोजमाप रक्तात होते, आणि ट्रेसिंग कागदावर शाईची रेषा ओढण्यात त्या काळी जिल्ह्यात माझा हात धरणारे फार थोडे होते. तरीही नऊ वर्षे मी वीटभट्टीवर गाड्या मोजीत होतो. माझा सागवानी ड्रॉइंग बोर्ड घरी पडून होता. माझी पत्नी शालन त्याच्यावर उन्हाळ्यात सांडगे वाळवीत असे. वास्तुविशारदाच्या कचेरीत वरिष्ठ आरेखक पाहिजे, ही जाहिरात वाचून मी अर्ज केला आणि मुलाखतीचे पत्र आले, त्या सकाळी शालनने तो बोर्ड घासून, पुसून, भिंतीला उभा करून ठेवला. “आज यावर काही घालत नाही,” एवढेच ती बोलली. तिने ते न बोलता केले असते तर मला कमी जड गेले असते.

जाहिरातीत कचेरीचे नुसते इंग्रजी नाव होते, मालकाचे नव्हते. ते असते तर मी त्या जिन्याची पायरीही चढलो नसतो.

बाहेर बाकावर बसलो असताना पिरगोंडा नावाचा वयस्क शिपाई माझ्याशेजारी येऊन टेकला. आतून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक डिप्लोमावाला उमेदवार कपाळ पुशीत बाहेर पडला.

“झालं, ह्याचं बी झालं,” पिरगोंडा हळूच म्हणाला. “पावणं, तुमास्नी एक सांगू का? आत गेल्यावर सायेब एक जुना कागद दावत्यात. जो येईल त्येला दावत्यात. त्यात म्हणं एक जिना हाय, त्येच्याखालनं माणूस गेलं की टाळकं फुटतंय. सायेब लई रंगवून सांगत्यात. आमाला बी दर बारीला हसाय लागतंय.”

“का?”

“आता सायबांचा इनोद. न्हाई हसून कसं चालंल?”

मला मिरजेचा तो जिना आठवला. तथापि, असा जिना काय जगात एकच असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात आत बोलावणे आले, आणि खुर्चीत रमाकांत धारप बसलेले दिसले. अंगाने भरले होते, कल्ले पांढरे झाले होते. परंतु बोलताना पेन्सिल कानामागे खोचण्याची लकब तीच होती.

त्यांनी मला ओळखले नाही. त्याचे मला नवल वाटले नाही. गोकर्णसाहेबांच्या जुन्या कचेरीत आम्ही दोघे तीन वर्षे एका छताखाली काम करीत होतो. ते पदवी घेऊन आलेले नवे वास्तुविशारद आणि मी मागच्या खोलीतला ट्रेसर. मला सर्व जण ‘मिस्त्री’ म्हणत. माझे नाव त्यांनी कधी विचारले नाही आणि माझ्या तोंडाकडे कधी पाहिले नाही. ते फक्त माझ्या हाताकडे पाहत. शिवाय आता मला चष्मा लागला होता, केस गेले होते, आणि अर्जात गोकर्णांच्या कचेरीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता. तो उल्लेख केला की पुढचा प्रश्न ठरलेला असे, “म्हणजे तो जिना?” आणि त्यानंतर चहासुद्धा मिळत नसे.

त्यांच्या शेजारी शेट्येबाई बसल्या होत्या. त्या कचेरीतील नव्या भागीदार, तिशीच्या आतबाहेर, बोलणे कमी. त्यांनी माझी सोबत आणलेली कामे आधीच पाहिली होती. “अक्षर सुंदर आहे तुमचं,” असे त्या म्हणाल्या होत्या. तेच अक्षर समोरच्या नकाशावर पसरलेले होते, आणि ते त्यांना अद्याप दिसले नव्हते.

मी नकाशावर वाकलो. उठून निघून जावे, असे एकदा मनात आले. मग भिंतीला उभा केलेला बोर्ड आठवला. मी पेन्सिल उचलली आणि माझ्याच हाताने काढलेल्या जिन्यावर टेकवली.

“चूक एकच आहे,” मी म्हणालो. “बाकी सर्व तिच्यातून निघते. जिन्याच्या पहिल्या टप्प्यात आठच पायऱ्या आहेत. त्यामुळे मधला चौथरा खाली आला. तीन दगडी पायऱ्या उतरून या चौथऱ्याखालून मागच्या धुण्याच्या अंगणाकडे वाट जाते. चौथऱ्याच्या तुळईखाली जागा उरते पाच फूट दोन इंच.”

“वा!” धारप शेट्येबाईंकडे वळले. “बघा, पट्टीसुद्धा लावली नाही. मघाचा डिप्लोमावाला पंधरा मिनिटं खिडक्या मोजत होता. हं, मग? काय करायला हवं होतं?”

“पहिल्या टप्प्यात अकरा पायऱ्या हव्या होत्या. दर पायरी सात इंच. तीन पायऱ्या वाढल्या की चौथरा एकवीस इंच वर जातो. मग तुळईखाली सहा फूट अकरा इंच मिळतात.”

“साडेसहा पुरे झाले असते की.”

“पुरे झाले नसते,” मी म्हणालो. “वाट धुण्याच्या अंगणाकडे जाते. तिथून रिकाम्या डोक्याने कोण जाणार? माझे वडील जिना लावताना आईला डोक्यावर घागर घेऊन त्याच्याखालून चालायला लावीत. घागर लागली तर जिना उतरवीत.”

धारप मोठ्याने हसले. “घागरीचं माप! बाई, लिहून ठेवा. कॉलेजात हे शिकवत नाहीत.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माणूस कामाचा आहात. आता गंमत ऐका. हा नकाशा एका अर्धशिक्षित ट्रेसरने बिघडवला. वरून आलेलं नीट उतरवायचं, एवढंच काम; तेवढंही जमलं नाही. इमारत उभी राहिली आणि पहिल्याच महिन्यात एक आया डोक्यावर गाठोडं घेऊन निघाली, ती थेट तुळईवर! धाडकन! वरची पांढरी चादर उडाली ती अंगणात. बायका ओरडल्या, भूत, भूत!”

ते दोन्ही हात पसरून चादर दाखवीत होते. दारात चहा घेऊन आलेला पिरगोंडा नेमाप्रमाणे हसला.

मी हसलो नाही. ती चादर मी पाहिली नव्हती. ती आया पाहिली होती. तिचे नाव कोंडाबाई. तुळईवर गाठोडे आपटून ती मागच्या तीन दगडी पायऱ्यांवर पडली आणि तिचा खुबा मोडला. मी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो होतो. तिने मान वळवून मला विचारले, “जिना तू काढलास व्हय रं?” आणि मला उत्तर देता आले नाही. पिशवी खाटेखाली ठेवून मी बाहेर पडलो होतो. चौकशीत कागद पाहिला गेला, कागदावर माझी अक्षरे होती, आणि आठवड्याच्या आत मी कचेरीबाहेर होतो.

“साहेब,” मी विचारले, “ट्रेसरने बिघडवला, हे कशावरून?”

“कशावरून म्हणजे? खाली त्याची अक्षरं आहेत.”

“रेखाटन करणाऱ्याची आहेत. त्याच्या खालचा ‘तपासले’ हा रकाना कोरा आहे.”

धारपांचे हात खाली आले. शेट्येबाईंनी प्रथमच नकाशा स्वतःकडे ओढला. “खरंच की,” त्या म्हणाल्या. “सर, हा तपासला कोणी होता?”

“तेव्हा गोकर्ण आजारी होते. पुण्यात होते. त्या गडबडीत... आता इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवणार?”

“मला आठवते,” मी म्हणालो.

माझा आवाज मलाच परका वाटला. नऊ वर्षे विटा मोजताना मी हे भांडण मनात हजारदा भांडलो होतो, आणि दर वेळी माझ्या तोंडी धारदार, शोभिवंत वाक्ये असत. त्यांतले एकही त्या क्षणी जवळ आले नाही. मी वजने बाजूला केली, नकाशा उचलला आणि खिडकीशी जाऊन उन्हात तिरका धरला.

“बाई, इकडे या. जिन्यापाशी पाहा. कागदावर ढगासारखा डाग दिसतो?”

“दिसतो. मला वाटलं प्रिंट खराब आली.”

“प्रिंट उत्तम आली आहे. मूळ ट्रेसिंगवर शाई ओढली आणि मग अर्ध्या ब्लेडने खरवडली, तर शाई जाते. पण ओरखड्यांचा माग राहतो आणि अमोनियाच्या छपाईत तो उमटतो. आता डागाच्या आत पाहा. फिक्या रेषा मोजा.”

शेट्येबाईंनी चष्मा वर केला आणि बोट कागदापासून केसभर अंतरावर धरून मोजू लागल्या. “आठ... नऊ, दहा, अकरा.” त्या थांबल्या. “आणि चौथऱ्याची रेषाही वर आहे.”

“आधी जिना बरोबर होता,” मी म्हणालो. “पेन्सिलच्या आराखड्यात आठ पायऱ्या आल्या होत्या. शाई घालताना ट्रेसरने अकरा केल्या आणि वर जाऊन सांगितले, साहेब, इथे बाईचे डोके लागेल. त्यावर साहेब काय म्हणाले, सांगू? ‘तीन पायऱ्या वाढल्या की दर्शनी दालन अडीच फुटांनी लहान होतं. डॉक्टरांना दालन मोठं हवंय. मिस्त्री, तुम्ही रेषा गिरवायच्या. डोकं चालवायला आम्ही आहोत.’”

पिरगोंडाने कपबश्या मेजाच्या कडेला ठेवल्या. धारप खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी नऊ वर्षांत, किंबहुना बारा वर्षांत, पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिले.

“मिस्त्री?” ते म्हणाले.

“दिनकर भाऊ सुतार,” मी म्हणालो. “अर्जावर पूर्ण नाव आहे. नकाशावर अक्षरे आहेत. दोन्ही कागद सकाळपासून तुमच्या एकाच मेजावर आहेत.”

“बसा. आधी बसा. पिरगोंडा, जा तू.”

“त्यांनाही थांबू द्या! त्यांना इतकी वर्षे हसायला लावले, त्यांनी हेही ऐकावे!” मी मेजावर हात आपटला; एक काचेचे वजन घरंगळत जाऊन फरशीवर फुटले. बाहेरच्या खोलीतील टंकलेखन थांबले. “तुम्ही माझी नोकरी घेतलीत, मी गप्प राहिलो. गावातल्या प्रत्येक कचेरीत माझे नाव घालवलेत, मी गप्प राहिलो. पण तुम्ही त्या बाईच्या मोडलेल्या हाडांची नक्कल करता? चहाबरोबर? गोकर्णांची कचेरी बंद झाली, तेव्हा तुम्ही तिथून दुसरे काही नाही, हा कागद उचलून आणलात? हसायला?”

पुढे अनेकदा मी यावर विचार केला. माणूस आपली चूक लपवून ठेवील, जाळून टाकील. तिला दुसऱ्याचे नाव देऊन भिंतीवर टांगण्याची त्याला काय गरज? कदाचित इतके वेळा सांगितल्यावर त्यांना स्वतःलाही ती माझी वाटू लागली असेल.

धारपांनी खण उघडला, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “सुतार, झालं ते झालं. मी तेव्हा जेमतेम तिशीचा होतो. तुमचा हात उत्तम आहे, डोकंही उत्तम आहे. आम्हाला तसाच माणूस हवाय. सोमवारपासून या. वरचं टेबल देतो, उजेडाचं. हाताखाली दोन ट्रेसर. आणि हे घ्या.”

त्यांनी माझ्यापुढे कागदात गुंडाळलेले अर्धे ब्लेड ठेवले.

“तुमची अक्षरं तुम्हीच खरवडून टाका. आता, आमच्यासमोर. पुन्हा हा कागद कोणाला दाखवणार नाही. विषय संपला.”

वाचकांना खोटे वाटेल, परंतु मी ते ब्लेड उचलले. बोटांना त्याची सवय होती. अंगठा आपोआप बोथट कडेवर गेला. उजेडाचे टेबल मला डोळ्यांपुढे दिसले. भिंतीला उभा केलेला बोर्ड दिसला. तीन अक्षरे होती. अर्ध्या मिनिटाचे काम होते.

“खरवडतो,” मी म्हणालो. “परंतु आधी ‘तपासले’च्या रकान्यात सही करा. आजची तारीख घालून करा. पेन माझे घ्या.”

“ते कसं शक्य आहे? उद्या कोणी कोर्टात...”

“मग माझी अक्षरे असू द्या. निदान चौकटीत एक तरी खरे नाव राहील. या नकाशावर एकदा ब्लेड चालवून झाले आहे, धारपसाहेब. दुसऱ्यांदा चालणार नाही.”

ब्लेड मी पुन्हा त्यांच्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिले. फुटलेल्या काचेचा तुकडा बुटाखाली करकरला. दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा मागून शेट्येबाईंचा आवाज आला, “सुतार, थांबा.” त्यांनी नकाशा गुंडाळला, त्याला दोरा बांधला आणि माझ्या हातात दिला.

“बाई, तो ऑफिसचा रेकॉर्ड आहे!” धारप म्हणाले.

“आपल्या ऑफिसचा कुठे आहे, सर?” बाई म्हणाल्या. “गोकर्णांच्या ऑफिसचा आहे. आणि तिथले आता तुम्ही दोघेच उरलात. दोघांपैकी कोणाकडे राहावा, ते तुम्हीच सांगा.”

मी नकाशा काखेत घेऊन निघालो. जिन्यात पिरगोंडाने मला गाठले. “मिस्त्री,” तो म्हणाला, मग थांबून, “सुतारसायेब, मला ठाऊक नव्हतं बगा. न्हाईतर हसलो नसतो.” मी मान हलवून खाली उतरलो. बोललो असतो तर शिवीच गेली असती, आणि ती त्याची नव्हती.

घरी जाण्याऐवजी मी मिरजेच्या एसटीत बसलो. संताप एवढा होता की कंडक्टरला गावाचे नाव दोनदा सांगावे लागले. आता माझ्या हातात पुरावा होता. नऊ वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते, त्याचे उत्तर आता गुंडाळी करून माझ्या मांडीवर होते.

कोंडाबाईचे घर रेल्वेच्या गुदामामागे होते. ती उंबऱ्यात, एक पाय लांब करून, लसूण सोलीत बसली होती. शेजारी काठी होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

“मोसंबीवाला,” ती म्हणाली. “पिशवी टाकून पळाला हुतास.”

“होय, मावशी.”

“ग्वाड हुती मोसंबी. बस की. हुबा का?”

मी तिच्यापुढे नकाशा उन्हात धरला आणि सर्व सांगितले. आठ पायऱ्या, अकरा पायऱ्या, मोठे दालन, धारप. तिला नकाशा कळत नव्हता. परंतु फिक्या रेषा तिने बोटाने शोधल्या आणि लसणाच्या बोटानेच मोजल्या.

“म्हंजी आदी बराबर हुता.”

“अगदी बरोबर होता. मी बरोबरच काढला होता, मावशी! तुम्ही विचारले होते ना, जिना तू काढलास का? तर हा, हा मी काढला होता. तो दुसरा मी नाही.”

“मग हे पुसलं कुणी?”

“धारपसाहेबांनी पुसायला लावले.”

“लावलं त्येनं. पुसलं कुणी?”

शेजारच्या रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते. ते थांबेपर्यंत मी त्या फिक्या रेषांकडे पाहत राहिलो.

“मी,” मी म्हणालो. “ब्लेड माझ्या हातात होते.”

कोंडाबाईने मान हलवली, जशी बाजारात भाव ठीक सांगितल्यावर हलवतात. तिने लसणाची एक पाकळी सोलली, सुपात टाकली, मग दुसरी घेतली.

“आन् तवाच का न्हाई सांगितलंस? कुणाला तरी? त्या डाक्तराला, न्हाईतर मला? मी वाकून गेले असते.”

“नोकरी जाईल म्हणून.”

तिने वर पाहिले. ती चिडलेली नव्हती. माझ्यावर ओरडली असती तर मी ते सहन केले असते.

“मग,” कोंडाबाई म्हणाली, “ती ग्येलीच की रं.”